मग नक्की टक्के किती?

भाची परीक्षेची तयारी करते आहे. एखादं गणित अडलं की वही घेऊन येते, शेजारी बसते आणि काही न बोलता वही माझ्यापुढे सरकवते. त्या दिवशीचं गणित तसं अवघड नव्हतं. एका संस्थेत दोन विभाग. पहिल्यातल्या ३० टक्के लोकांचं प्रशिक्षण झालेलं, दुसऱ्यातल्या ६० टक्के लोकांचं. प्रश्न असा, की संपूर्ण संस्थेतले ५० टक्क्यांहून जास्त लोक प्रशिक्षित आहेत का? खाली नेहमीप्रमाणे दोन विधानं. पहिलं: दुसऱ्या विभागातली माणसं पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहेत. दुसरं: संस्थेत एकूण २४० माणसं आहेत. यातली कुठली माहिती उत्तराला पुरते, एवढंच सांगायचं. तिने समासात आकडे मांडले होते. पहिल्या विभागात ७० आणि दुसऱ्यात १७० धरले तर ५१.२५ टक्के. ६० आणि १८० धरले तर ५२.५. ४० आणि २०० धरले तर ५५. तिन्ही हिशेब बरोबर, दशांशचिन्हंसुद्धा नीट एकाखाली एक. "दर वेळी वेगळंच येतंय, मावशी. मग पहिलं विधान पुरेसं कसं?" मी म्हटलं, "पन्नासच्या वर आहे का, एवढंच विचारलंय ना? तिन्ही वेळा वरच आलं की." ती म्हणाली, "हो, पण मग नक्की टक्के किती?" "ते सांगता येत नाही. आणि लागतही नाही." तिने मान डोलावली आणि उत्तराच्या जागी 'ए' लिहिलं, म्हणजे नुसतं पहिलं विधान पुरेसं. एरवी तिचं अक्षर चांगलं टपोरं आहे. हा 'ए' मात्र तिने इतका बारीक लिहिला, की पुढेमागे खोडायची वेळ आली तर त्रास होऊ नये.

तो बारीक 'ए' माझ्या डोक्यातून जाईना.

तिची कुरकुर मला कळत होती. गणित सुटलं, म्हणजे नक्की काय झालं, याची आपल्या हाताला एक सवय लागलेली असते. शेवटची पायरी, बरोबरचं चिन्ह, आकडा, त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. दुसरी रेघ मारताना मनगट सैल पडतं. उत्तर चुकलेलं असलं तरी पडतं, कारण काहीतरी हातात आलेलं असतं. डेटा सफिशियन्सीचे प्रश्न, म्हणजे मुलं ज्याला नुसतं डीएस म्हणतात ते, नेमकी हीच गोष्ट काढून घेतात. गणित सोडवू नका, म्हणतात. सुटेल का, तेवढं सांगा. सुटेल असं दिसलं की थांबा. वर्षानुवर्षं ज्याने शेवटची पायरी लिहिली नाही म्हणून अर्धा मार्क गमावला, त्याला एके दिवशी सांगायचं की आता शेवटची पायरी लिहिण्यात वेळ घालवलास तर नुकसान तुझंच. मन बंड करणारच. मी स्वतः कितीतरी वेळा पुरेसं आहे हे दिसल्यावरही गुपचूप आकडा काढून पाहिलाय. वेळ लावून सोडवायला बसलेली नसेन, तर अजूनही काढते.

जीमॅटमध्ये, म्हणजे व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठीच्या प्रवेश परीक्षेत, हा प्रकार जुनाच. २०२३च्या नोव्हेंबरात त्या परीक्षेचं नवं रूप आलं, तेव्हा तो गणिताच्या विभागातून उचलून डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात ठेवला. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकेकाला सव्वादोन मिनिटं. पर्याय पाच, 'ए'पासून 'ई'पर्यंत, आणि प्रत्येक डीएस प्रश्नाला याच क्रमाने तेच पाच: नुसतं पहिलं पुरेसं, नुसतं दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेसं, दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरेसं, आणि दोन्ही मिळूनही अपुरं. सराव झालेली मुलं पर्याय वाचतसुद्धा नाहीत. कच्च्या कागदावर वर 'एडी' आणि खाली 'बीसीई' लिहितात. पहिलं विधान पुरलं तर खालची ओळ खोडायची, नाही पुरलं तर वरची. एका रेघेत दोन किंवा तीन पर्याय उडतात. या खोडण्यात म्हणे मजा येते. भाचीला अजून आलेली नाही.

आता त्या विभागांच्या गणिताकडे जरा जवळून बघायला हवं, कारण तिला पटवताना मी जे बोलले त्याने तिचं समाधान झालं नव्हतं आणि खरं तर व्हायलाही नको होतं. 'तिन्ही वेळा वरच आलं' हे काही कारण नव्हे. तीन वेळा आलं, चौथ्या वेळी येणार नाही कशावरून? तिने घेतलेले आकडे बाजूला ठेवले आणि एक आडवी रेघ ओढली, डाव्या टोकाला ३०, उजव्या टोकाला ६०, तर संस्थेचा एकूण टक्का या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असणार हे दिसतं. तो कुठल्या टोकाकडे ओढला जाईल ते माणसांच्या संख्येवर. दोन्ही विभाग सारखेच असतील तर बरोबर मध्यावर, ४५ वर. ५० हा आकडा रेघेच्या दोन-तृतीयांश अंतरावर आहे. म्हणजे तिथे पोचायला दुसऱ्या विभागात दोन-तृतीयांश माणसं हवीत, म्हणजेच पहिल्याच्या बरोबर दुप्पट. विधान म्हणतं दुपटीहून जास्त. मग ५० च्या पलीकडे जाण्यावाचून त्या टक्क्याला गत्यंतरच नाही. संस्थेत २४० माणसं असोत की २४ हजार, त्याने या रेघेवर काहीही हलत नाही. दुसरं विधान खरं आहे, अगदी नेमकं आहे, त्यात ठोस आकडाही आहे, आणि या प्रश्नाच्या लेखी त्याचा उपयोग शून्य. मला वाटतं भाचीला तेच जास्त लागलं असावं. जे विधान ठोस होतं ते कुचकामी ठरलं, आणि 'दुपटीहून जास्त' असं मोघम बोलणारं कामाला आलं.

पण तेच पहिलं विधान जरा ढिलं करून बघा. दुसरा विभाग पहिल्याहून मोठा आहे, एवढंच सांगितलंय असं धरा. आता टक्का ४५ च्या वर आहे हे नक्की, पण ५० ओलांडतो की नाही ते कळत नाही. विधान अपुरं. मग विधानाला हात न लावता प्रश्न बदला: ४५ टक्क्यांहून जास्त लोक प्रशिक्षित आहेत का? आता तेच विधान पुरतं. आणखी एकदा प्रश्न बदला: ६० टक्क्यांहून जास्त आहेत का? तर कुठलंच विधान लागत नाही. पहिल्या विभागात एक जरी माणूस असेल तरी एकूण टक्का ६० ला पोचू शकत नाही. उत्तर ठाम 'नाही', आणि ठाम 'नाही' हेही पूर्ण उत्तर असतं. नव्याने डीएस करणारे इथे हमखास अडखळतात. उत्तर नकारार्थी आलं की त्यांना माहिती अपुरी वाटते. माहिती कधी अपुरी? 'हो' आणि 'नाही' या दोन्हींना वाट मोकळी राहिली तर. एक वाट कायमची बंद झाली की भागलं, मग ती कुठली का असेना.

मला हे सगळं फार आवडतं, ते यासाठी, की कुठलीही माहिती स्वतःहून पुरेशी किंवा अपुरी नसते. विचारलंय काय, यावर ते ठरतं. एरवी आपण माहितीकडेच बघत बसतो: भरपूर आहे का, ताजी आहे का, आकड्यांत आहे का. प्रश्नाकडे पुन्हा वळून बघायचं राहून जातं. एखाद्या औषधाने धोका ५० टक्क्यांनी घटतो असं वाचलं, तर 'धोका कमी होतो का' या प्रश्नाला तेवढं पुरतं. 'मी ते औषध घ्यावं का' या प्रश्नाला पुरत नाही, कारण शंभरातल्या २० जणांवरून १० वर येणं हेही ५० टक्केच, आणि दहा हजारांतल्या दोघांवरून एकावर येणं हेही ५० टक्केच. टक्का हा नेहमी कशाचा तरी असतो, आणि ते 'कशाचा' वाक्यातून हळूच गळून पडलेलं असतं. परीक्षेत निदान प्रश्न लेखी समोर असतो. बातमी वाचताना तो आपल्यालाच ठरवावा लागतो, आणि बहुतेकदा आपण तो ठरवतच नाही.

'कशाचा' हे विसरलं की काय होतं, याचं सगळ्यात छोटं उदाहरण मला हे वाटतं: क्ष हा य च्या १२० टक्के आहे. क्ष, य पेक्षा मोठा आहे का? कुणालाही विचारा, प्रश्न संपायच्या आत 'हो' येतं. १२० म्हणजे शंभराहून जास्त, त्यात विचार कसला करायचा? पण य उणे १० असेल तर क्ष उणे १२, आणि उणे १२ ही उणे १० पेक्षा लहान. य शून्य असेल तर दोघे सारखे. म्हणजे तीन वेगळी उत्तरं, आणि आपल्याला दिसलं एकच. दोष टक्क्यांचा नाही. टक्के म्हटलं की आपण मनातल्या मनात माणसं, वजनं, मार्क अशा धन गोष्टीच धरतो. ऋण य ला दारातच अडवतो आणि आपण अडवलं हे आपल्याला कळतही नाही. व्यवहारात हा प्रसंग येतच नाही असंही नाही. गेल्या वर्षी तोट्यात असलेल्या कंपनीबद्दल 'यंदाचा निकाल गेल्या वर्षीच्या १२० टक्के' असं कुणी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, तर त्याचा अर्थ तोटा वाढला असा होतो. वाक्य मात्र कानाला शुभवार्तेसारखं लागतं.

असमानता, म्हणजे 'हे त्याहून मोठं' किंवा 'लहान' एवढंच सांगणारं विधान, दिसायला समीकरणासारखीच दिसते, म्हणून लोक तिच्याशी समीकरणासारखंच वागतात. बरोबरच्या चिन्हाला तुम्ही काहीही करा, दोन्ही बाजूंना कशानेही गुणा (शून्य सोडून), ते जागचं हलत नाही. लहान-मोठ्याचं चिन्ह हे तोंड फिरवणारं आहे. ऋण संख्येने गुणलं की उलटतं, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. अडचण तेव्हा येते, जेव्हा गुणायची संख्या अक्षराच्या बुरख्याआड असते. क्ष भागिले य ही राशी १ पेक्षा मोठी आहे, असं दिलं की हात आपोआप य पलीकडे नेतो आणि क्ष मोठा, य लहान असं लिहून मोकळा होतो. क्ष उणे ३ आणि य उणे २ असेल तर? भागाकार दीड, १ पेक्षा मोठा. पण क्ष मात्र लहान. इथे हातावर भरवसा ठेवून चालत नाही. बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं. लहान-मोठ्याची आजची टोकदार चिन्हं छापून आली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियटच्या पुस्तकात, आणि तीही तो गेल्यावर दहा वर्षांनी. 'सारखे आहेत' याला चिन्ह मिळून सत्तरेक वर्षं उलटली, तेव्हा कुठे 'सारखे नाहीत, पण कोण मोठा ते माहीत आहे' याला मिळालं. मला हा क्रम पटतो. सारखेपणा मनाला लवकर सुचतो. अर्धवट माहितीला स्वतःचं चिन्ह असावं, हे सुचायला वेळ लागतो.

डीएसमध्ये आणखी एक कसरत आहे, आणि तिचा गणिताशी फारसा संबंध नाही. पहिलं विधान तपासून झालं की ते विसरायचं. दुसरं विधान असं वाचायचं, की पहिलं छापलंच नव्हतं. सांगायला सोपं. वर विचारलेला तोच प्रश्न घ्या, क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? विधान एक: य धन आहे. विधान दोन: क्ष हा य च्या १२० टक्के आहे. पहिलं एकटं अपुरं, हे लगेच दिसतं, कारण त्यात क्षचा पत्ताच नाही. मग दुसरं वाचतो, आणि 'हो, मोठाच' म्हणून 'बी' लिहून टाकतो. य धन आहे हे दुसऱ्या विधानाने सांगितलेलंच नाही. ते पहिल्यातून आपल्या अंगावर सांडलं होतं आणि आपण तसेच पुढे गेलो. बरोबर उत्तर 'सी'. कागदावर सराव करताना मी पहिल्या विधानावर तळहात ठेवते. हाताच्या उबेने कागद किंचित मऊ पडतो, छपाईची शाई कधी तळव्याला लागते, पण विधान खरोखर दिसेनासं होतं. पडद्यावर ही सोय नाही. तिथे सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे असतं आणि विसरायचं काम एकट्या मनाने करायचं असतं. ऐकलेली गोष्ट न ऐकल्यासारखी करणं मन कधी शिकतं का, याची मला शंकाच आहे. फार तर ते असं विचारायला शिकतं, की हे मला आत्ता कुणी सांगितलं?

पुरेसं नाही हे दाखवायला दोनच उदाहरणं लागतात, एक 'हो' देणारं आणि एक 'नाही' देणारं. दोन्ही विधानाच्या अटीत बसली की खटला निकालात. पुरेसं आहे हे दाखवायला मात्र हजार उदाहरणंही पुरत नाहीत. तिथे कारण द्यावं लागतं. भाचीचे ते तीन सुबक आकडे खरं तर काहीच सिद्ध करत नव्हते, कारण ती रेघ तिच्या वहीत नव्हती. उदाहरणं निवडायचीच असतील तर ती कडेला जाऊन निवडावीत. दुपटीहून जास्त म्हटलंय ना, मग आधी नेमकं दुप्पट घ्या, ८० आणि १६०. टक्का बरोबर ५० येतो. हे उदाहरण विधानात बसत नाही, बाहेरच पडतं, पण उंबरठा कुठे आहे ते दाखवून जातं. मधले सुखवस्तू आकडे, ७० आणि १७० सारखे, कधी काही सांगत नाहीत. शून्य घ्या, उणे घ्या, अपूर्णांक घ्या, एक विभाग एकाच माणसाचा करा आणि दुसरा अवाढव्य करा. सराव करणारी मुलं याला 'नंबर टाकून बघणं' म्हणतात आणि जरा कमी दर्जाचं समजतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. आपल्याच मताविरुद्ध पुरावा शोधायला बसणं ही काही किरकोळ गोष्ट नाही.

टक्के आणि असमानता एकत्र आले की किती दूरवर फसगत होऊ शकते, याचा विचार करताना मला दर वेळी बर्कलीची ती आकडेवारी आठवते. १९७३च्या शरद सत्रासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले, त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांचे अर्ज ४,३२१, प्रवेश सुमारे ३५ टक्क्यांना. नऊ टक्के अंकांचा फरक, आणि तोही हजारो अर्जांवर. योगायोग म्हणून सोडून द्यावं असं नव्हतंच ते. आता हे डीएसच्या भाषेत मांडा. प्रश्न: विभागांनी प्रवेश देताना स्त्रियांना डावललं का? विधान: एकूण प्रवेशात स्त्रियांचा टक्का पुरुषांहून कमी आहे. पुरेसं? संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं विभागवार विश्लेषण छापलं, तेव्हा चित्र पालटलं. सगळ्यात मोठ्या विभागांपैकी एकात ८२५ पुरुषांनी अर्ज केले होते, प्रवेश ६२ टक्क्यांना. स्त्रिया होत्या १०८, त्यांतल्या ८२ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. प्रवेश मुळातच कठीण अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त होते, आणि पुरुषांचे अर्ज सोप्या विभागांकडे. प्रत्येक विभागाचा टक्का खरा, एकूण टक्काही खरा, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना.

दोन टोकं आणि मधला टक्का अशी रेघ इथेही ओढता येते. फक्त इथे रेघा दोन आहेत, आणि दोन्हींवर वजनं वेगवेगळी टाकलेली आहेत. स्त्रियांची रेघ जागोजाग पुरुषांच्या रेघेच्या थोडी वर असू शकते, तरी स्त्रियांचं वजन डाव्या टोकाला साचलेलं असेल तर त्यांची सरासरी खालीच येणार. म्हणजे एकूण टक्क्यावरून विभागाबद्दल बोलता येत नाही आणि विभागांच्या टक्क्यांवरून एकूणाबद्दलही नाही. मधे वजनं लागतात, आणि वजनं कुणी सांगत नाही. हे उदाहरण पुष्कळदा असं सांगितलं जातं, की बघा, अन्याय वगैरे काही नव्हताच. मला ते सांगणं खटकतं. 'विभागांनी प्रवेश देताना डावललं का' हा एक प्रश्न झाला. स्त्रिया त्या गर्दीच्या, कमी निधीच्या विभागांकडेच का वळत होत्या, हा दुसरा. आणि त्याच लेखाच्या लेखकांनी त्याचं मूळ आधीच्या जडणघडणीत आणि शिक्षणात असल्याचं म्हटलं होतं. पहिल्या प्रश्नाला पुरलेली माहिती दुसऱ्यालाही पुरली असं धरून चालणं, हा पुन्हा तोच जुना घोटाळा.

असमानतेवर मी इतकं बोलले तरी तिची बाजू घेणारं एक उदाहरण भाचीसाठी मी मुद्दाम शोधून ठेवलं होतं, आणि ते तिला आवडलं. एका गटातले बरोबर ३७.५ टक्के लोक डावखुरे आहेत. गटात माणसं किती? विधान एक: २० पेक्षा जास्त. विधान दोन: ३० पेक्षा कमी. बघताक्षणी वाटतं, यातून काय निघणार? एक कुंपण इकडे, एक तिकडे, मधे नऊ आकडे. पण साडेसदतीस टक्के म्हणजे तीन-अष्टमांश, आणि माणसं अर्धी-मुर्धी नसतात. म्हणून गटाची संख्या आठाच्या पाढ्यातच असायला हवी. आठ, सोळा, चोवीस, बत्तीस. विसाच्या पुढे आणि तिसाच्या आत एकटे चोवीस. दोन मोघम विधानं आणि एक अपूर्णांकी टक्का मिळून अगदी नेमका, गोळीबंद आकडा. मी तो सांगायच्या आधीच तिने तो लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मी काही बोलले नाही. डीएसमध्ये त्या रेघांची गरज नसते, पण त्या मारताना तिचं मनगट सैल पडलेलं मला दिसलं.

मुलांना सगळ्यात अवघड जातं ते शेवटचं 'ई' लिहिणं. दोन्ही विधानं मिळूनही अपुरी, असं म्हणायला धीर लागतो, कारण त्यात आपलंच काहीतरी सुटलं असेल ही भीती असते. क्ष हा य च्या १२० टक्के, हे एक विधान. क्ष आणि य यांचा गुणाकार धन, हे दुसरं. क्ष मोठा आहे का? दुसऱ्या विधानाने शून्याला बाहेर काढलं, तेवढी मदत केली. पण दोघेही धन असले तरी गुणाकार धन, दोघेही ऋण असले तरी धन. १२ आणि १० घ्या, उत्तर 'हो'. उणे १२ आणि उणे १० घ्या, उत्तर 'नाही'. इथे 'ई' लिहायचं आणि पुढे जायचं. तरीही आणखी मिनिटभर त्याच प्रश्नावर रेंगाळणारे पुष्कळ असतात. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली, गणिताला भिडताना स्वतःला काय काय विचारावं याची एक यादी दिली. तीत दिलेल्या अटीबद्दल विचारायला सांगितलं होतं: अट अज्ञात ठरवायला पुरेशी आहे का? अपुरी आहे का? गरजेहून जास्त आहे का? की परस्परविरोधी आहे? पहिल्या तीन शंका डीएसच्या पाच पर्यायांत कुठे ना कुठे सामावतात. चौथीला तिथे जागाच नाही. जीमॅटमध्ये दोन विधानं एकमेकांना कधी खोटं पाडत नाहीत. हा तिथला नियमच, आणि विद्यार्थ्याला त्याचा केवढा तरी आधार असतो. पहिल्यातून एक आकडा आणि दुसऱ्यातून भलताच आला, तर आपलंच चुकलंय असं खुशाल समजावं.

सरावाच्या कागदांना हा नियम लागू असेलच असं नाही. परवा असाच एक संच चाळत होते. प्रश्न ओळखीच्या घराण्यातलाच: एका गटातले बरोबर ६२.५ टक्के लोक चष्मा लावतात, गटात माणसं किती? विधान एक: संख्या ४० पेक्षा मोठी, चिन्हाने लिहिलेलं. विधान दोन: ४७ पेक्षा लहान. साडेबासष्ट टक्के म्हणजे पाच-अष्टमांश, पुन्हा आठाचा पाढा. चाळीस बाहेर, अठ्ठेचाळीसही बाहेर, आणि मधे आठाने भाग जाणारं कुणीच नाही. असा गट असूच शकत नाही. मागे उत्तरांच्या पानावर छापलं होतं 'सी', आणि स्पष्टीकरणात एकूण माणसं ४०. तेव्हा लक्षात आलं, छापणाऱ्याकडून एक रेघ सुटली. 'मोठी किंवा तेवढीच' असं म्हणायला लहान-मोठ्याच्या चिन्हाखाली रेघ द्यायची रीत हॅरियटच्या नंतरची. पियेर बुगेर या फ्रेंच विद्वानाने १७३४ मध्ये चिन्हाखाली दोन रेघा दिल्या, पुढे त्यांची एक झाली. इथे ती रेघ राहून गेली आणि चाळीसच्या चाळीस माणसं, त्यांतल्या पंचवीस जणांच्या चष्म्यांसकट, गणितातून नाहीशी झाली. मी पेन्सिलने चिन्हाखाली रेघ ओढली, समासात 'एडी, बीसीई' लिहून वरची ओळ खोडली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.